गाणी आबांची, जन्मठेप बाबारावांना

श्रोतेहो, डफावर थाप पडली की पारावरचा माणूस घराकडे वळत नाही, हे तुम्हांला मी सांगायला नको. पण चार गाण्यांपायी एका माणसाला काळ्या पाण्याची शिक्षा झाली, ही हकीगत फारशी कोणी सांगत नाही. आणि गेला तो गाणी रचणारा नव्हता.

रचणारे होते नाशिकचे गोविंद त्र्यंबक दरेकर. लोक त्यांना आबा म्हणत. जन्म १८७४ चा. लहानपणीच दोन्ही पाय लुळे पडलेले. आधी ते लावण्या रचीत. पुढे तिळभांडेश्वराच्या गल्लीत सावरकर बंधूंची गाठ पडली अन् गाण्याचा विषयच पालटला. १९०० साली निघालेल्या मित्रमेळ्यातली पोरे गणेशोत्सवात आबांची पदे म्हणू लागली. ज्याला उंबरा ओलांडणे जड, त्याची गाणी गावभर फिरू लागली!

बाबाराव सावरकरांनी १९०८ मध्ये अठरा पदांचे चोपडे छापले. त्यांतल्या चार पदांवर सरकारने बोट ठेवले. राजद्रोहाचा आरोप तर होताच. पण त्याहून भारी कलम लागले ते राजाविरुद्ध युद्धास चिथावणी दिल्याचे. आरोपीच्या पिंजऱ्यात उभे राहिले ते प्रकाशक बाबाराव. जून १९०९ मध्ये त्यांना जन्मठेप झाली, आणि त्याच वर्षी मुंबईच्या हायकोर्टाने ती कायम केली. देवांची नि शिवाजी महाराजांची नावे हे नुसते निमित्त आहे, खरा उपदेश परकी राज्याविरुद्ध तलवार उचला असा आहे, असे न्यायमूर्तींचे म्हणणे पडले. खरे सांगायचे तर कवितेचा अर्थ त्यांनी बरोबरच लावला होता. आमच्या वर्गातल्या मुलांनाही तो इतका नेमका लावता येत नाही. मात्र पद म्हणणे म्हणजे युद्ध करणे काय, हा प्रश्न उरतोच.

त्याच डिसेंबरात नाशिकच्या नाटकगृहात कलेक्टर जॅक्सन यांचा खून झाला. बाबारावांच्या शिक्षेचा तो सूड होता.

बाबाराव अंदमान भोगून १९२२ मध्ये सुटले. आबा तेव्हा नाशकातच होते. आपल्या शब्दांची शिक्षा दुसऱ्याने भोगली, हे मनात वागवीत ती वर्षे त्यांनी कशी काढली असतील?

१९२६ मध्ये ते वारले. अखेरच्या दिवसांत त्यांनी मरणावर एक कविता केली, 'सुंदर मी होणार'. पुढे पु. ल. देशपांडे यांनी आपल्या नाटकाला हेच नाव दिले. त्या नाटकाची नायिकाही पायांनी अधू आहे.