जोतीरावांच्या घरातील एक वर्ष

आपल्या ज्ञातिसंघाच्या वार्षिक स्मरणिकेची शेवटची काही पृष्ठे कुटुंबवार्तेसाठी राखून ठेवण्याचा प्रघात आहे. अमक्यांचे चिरंजीव परीक्षा उत्तीर्ण झाले, तमक्यांना बढती मिळाली, कोणाच्या घरी मंगलकार्य पार पडले, कोणी दीर्घ आजारातून उठले, कोणी कालवश झाले, असा वर्षाचा जमाखर्च तेथे मांडलेला असतो. स्मरणिका हाती पडली की पुष्कळ वाचक प्रथम तीच पृष्ठे उघडतात, आणि त्यांत गैर असे काही नाही. घर हे समाजाचे मूळ आहे आणि घराची खरी पारख एखाद्या वर्षाच्या सुखदुःखातच होते. हाच विचार मनात येऊन मी आपल्या समाजातील एका घराचे एक वर्ष वाचकांपुढे मांडीत आहे. ते वर्ष म्हणजे १८८८ चा मे महिना ते १८८९ चा एप्रिल महिना. ते घर म्हणजे पुण्याच्या गंज पेठेतील महात्मा जोतीराव फुले यांचे घर.

या घराण्याचे मूळ आडनाव गोऱ्हे. मूळ गाव सातारा जिल्ह्यातील कटगूण. तेथून हे कुटुंब पुरंदर तालुक्यातील खानवडीस आले आणि पुढे पुण्यास स्थायिक झाले. पेशव्यांच्या काळी फुले पुरविण्याच्या धंद्यावरून ‘फुले’ हे नाव रूढ झाले. म्हणजे जन्माने, धंद्याने आणि नात्यागोत्याने जोतीराव सर्वस्वी आपले. परंतु १८४८ मध्ये त्यांनी मुलींची शाळा काढली, सावित्रीबाई तेथे शिकवू लागल्या, आणि लोकनिंदेच्या भयाने वडील गोविंदराव यांनी १८४९ मध्ये उभयतांस घराबाहेर काढले. त्या प्रसंगी त्यांना आसरा दिला तो उस्मान शेख या मुसलमान मित्राने. रक्ताचे घर सुटले आणि तेथूनच त्यांच्या मोठ्या कुटुंबाचा आरंभ झाला.

पतिपत्नीस मूलबाळ झाले नाही. तथापि त्यांचे घर रिकामे असे कधीच नव्हते. १८६३ मध्ये त्यांनी बालहत्या प्रतिबंधक गृह सुरू केले. फसलेल्या विधवांनी तेथे यावे, सुखरूप बाळंत व्हावे, मूल न्यावे अथवा ठेवून जावे, अशी ती व्यवस्था होती. दूर गावची मुले शिक्षणासाठी येऊन राहत. १८७३ मध्ये सत्यशोधक समाज स्थापन झाल्यानंतर तर बाहेरगावच्या सभासदांचा राबता वाढला. या सर्वांच्या जेवणाखाण्याचा, दुखण्याखुपण्याचा भार सावित्रीबाईंवर होता. ज्या घराला आपण ‘निपुत्रिक’ म्हटले असते, ते त्या काळच्या पुण्यातील मोठ्या खटल्याच्या घरांपैकी एक होते.

आता त्या वर्षाकडे वळू. ११ मे १८८८ रोजी मुंबईस मांडवी कोळीवाड्याच्या सभागृहात मोठी सभा भरली. जोतीरावांनी वयाची साठी ओलांडली होती आणि लोकसेवेची चाळीस वर्षे पूर्ण केली होती. रावबहादुर विठ्ठलराव कृष्णाजी वंडेकर यांच्या हस्ते त्यांस ‘महात्मा’ ही पदवी अर्पण करण्यात आली. मी अनेक वर्षे मुलांना इतिहास शिकविला. ही तारीख परीक्षेत विचारली जाई आणि मुले ती बिनचूक लिहीत. पुढे काय झाले हे मात्र कोणी विचारीत नसे, आणि प्रांजळपणे सांगायचे तर मीही ते शिकवीत नसे.

पुढे झाले ते असे. सत्कारास दोन महिने झाले न झाले तोच, १८८८ च्या जुलै महिन्यात, जोतीरावांना पक्षाघाताचा झटका आला आणि शरीराची उजवी बाजू लुळी पडली. ज्या हाताने ‘गुलामगिरी’ आणि ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहिले, तो हात निकामी झाला. डॉ. विश्राम रामजी घोले हे त्यांचे जुने स्नेही. त्यांनी उपचार केले. ठेकेदारीच्या धंद्यात जोतीरावांनी पूर्वी चांगला पैसा मिळविला होता, परंतु मिळविलेला पैसा समाजकार्यात गेला होता. कर्ता पुरुष अंथरुणाला खिळला की घराचे काय होते हे आपणांपैकी कित्येकांनी अनुभवले असेल. घरात साठीकडे झुकलेली पत्नी, शिकत असलेला पंधरा वर्षांच्या आसपासचा मुलगा, आणि उंबरठ्यावर नित्य येणारी माणसे, अशी ती स्थिती होती. ओढाताण इतकी वाढत गेली की १८९० मध्ये मामा परमानंद यांना या कुटुंबाच्या साहाय्यासाठी बडोद्याच्या सयाजीराव महाराजांस पत्र लिहावे लागले.

अशा अवस्थेत दुसऱ्या कोणी लेखणी खाली ठेवली असती. जोतीरावांनी ती डाव्या हातात घेतली. अक्षर शिकू लागलेल्या मुलाप्रमाणे डाव्या हाताने लिहीत त्यांनी ‘सार्वजनिक सत्यधर्म पुस्तक’ हा आपला शेवटचा ग्रंथ सिद्धीस नेण्यास आरंभ केला. शाळेत ज्याने मुलांचा हात धरून अक्षरे गिरवून घेतली आहेत, त्याला या कष्टाची कल्पना येईल. साठी उलटलेल्या रुग्णाने एक पान पुरे करण्यास किती वेळ लागत असेल, आणि पाण्याचा पेला, दौत, कागद हाताशी देण्यास कोण बसत असेल, याचा विचार केला म्हणजे त्या ग्रंथावर एकाच माणसाचे नाव असले तरी त्यामागे एका घराचे श्रम आहेत हे पटते.

त्याच वर्षात घरात दुसरी एक चिंता होती. ती मुलाच्या विवाहाची. मुलाचे नाव यशवंत. काशीबाई नावाची एक ब्राह्मण विधवा फसवणुकीमुळे संकटात सापडली होती. जोतीराव-सावित्रीबाईंनी तिला आपल्या घरी आणले. तिचा मुलगा उभयतांनी दत्तक घेतला आणि आपल्या नावाने वाढविला. १० जुलै १८८७ रोजी केलेल्या मृत्युपत्रात जोतीरावांनी त्यालाच आपला वारस नेमले. परंतु मृत्युपत्राने मिळकत देता येते, सोयरीक देता येत नाही. विधवेच्या पोटी जन्मलेल्या मुलाला आपली मुलगी देण्यास कोणी पुढे येईना.

येथे मी आपल्या वडीलधाऱ्या ज्ञातिबांधवांची क्षमा मागून एक गोष्ट स्पष्ट लिहितो. मुलगी देण्यास जे कचरत होते ते परके नव्हते. ते आपलेच पूर्वज होते. ज्याला मुंबईने महात्मा म्हटले, त्याच्या घरी मुलगी देताना आपला समाज मागे सरत होता.

ही कोंडी फोडली हडपसरचे सत्यशोधक कार्यकर्ते ग्यानोबा कृष्णाजी ससाणे यांनी. त्यांनी आपली कन्या राधा देऊ केली. तीच पुढे लक्ष्मी या नावाने ओळखली गेली. विवाहापूर्वीच राधेला फुल्यांच्या घरी आणण्यात आले. तिने घर पाहावे, माणसे ओळखावी, वधूवरांचा स्वभाव परस्परांस कळावा, हा हेतु होता. सावित्रीबाई घरकाम स्वतः उरकीत आणि होणाऱ्या सुनेस अभ्यासाला वेळ देत. आजारी पती, आल्यागेल्याचा पाहुणचार आणि सुनेचा अभ्यास या तिन्ही गोष्टी एकाच वेळी सांभाळणाऱ्या त्या माउलीचे वय तेव्हा ५७ होते.

४ फेब्रुवारी १८८९ रोजी सत्यशोधक पद्धतीने हा विवाह झाला. भटजीवाचून, वधूवरांनी परस्परांस वचने देऊन विवाह लावण्याचा तो विधी जोतीरावांनी १८८७ मध्ये छापून प्रसिद्ध केला होता.

इतिहास सांगताना गैरसोयीची बाजू झाकणे शिक्षकास शोभत नाही. १९ वर्षांखालील मुलाचा आणि ११ वर्षांखालील मुलीचा विवाह होऊ देऊ नये, असे मत स्वतः जोतीरावांनीच १८८४ मध्ये मांडले होते. यशवंतराव त्या वयास पोहोचले नव्हते. मग हा विवाह का झाला? माझा तर्क असा की वर्षापासरीच्या भरवशावर राहण्याची सोय आता त्या पित्याला उरली नव्हती. आपण गेल्यावर या मुलाला कोण आपला म्हणेल, ही धास्ती त्यांच्या मनात असली पाहिजे. दुखण्याने थोर माणसालाही आपल्या तत्त्वाच्या एक पाऊल मागे यावे लागते. त्यामुळे माझ्या मनातील त्यांचे स्थान कमी झाले नाही. ते आपल्या घरातले वाटू लागले, इतकेच.

लग्नघराची धांदल ओसरली आणि १ एप्रिल १८८९ रोजी ग्रंथ पुरा झाला. त्यात कुटुंबासंबंधी एक विचार आहे, तो प्रत्येक घरात वाचला जावा असा आहे. एकाच घरातील स्त्रीने वाटल्यास बौद्ध धर्म स्वीकारावा, तिच्या पतीने ख्रिस्ती व्हावे, कन्येने इस्लामचा अंगीकार करावा आणि पुत्राने सार्वजनिक सत्यधर्म पाळावा. तरीही त्या सर्वांनी एकमेकांचा द्वेष न करता, आपण सर्व एकाच निर्मिकाची लेकरे आहोत हे जाणून गोडीने एकत्र नांदावे, असा त्याचा आशय आहे. कित्येकांना हे स्वप्नरंजन वाटते. परंतु हे लिहिणाऱ्या माणसास तरुणपणी मुसलमानाने घर दिले होते, त्याच्या मांडीवर ब्राह्मण विधवेचे मूल वाढले होते, आणि त्याच्या घरात माळ्याची लेक सून म्हणून नुकतीच आली होती. त्याने डोळ्यांसमोर पाहिले तेच लिहिले.

२८ नोव्हेंबर १८९० रोजी जोतीरावांचे देहावसान झाले. अंत्ययात्रेच्या वेळी टिटवे धरण्याचा अधिकार कोणाचा यावर नात्यातील पुतण्याने हरकत घेतली, तेव्हा सावित्रीबाईंनी स्वतः टिटवे धरून पुढे पाऊल टाकले. १८९१ मध्ये यशवंतरावांनी पित्याचा तो ग्रंथ छापून प्रसिद्ध केला. पुढे ते डॉक्टर झाले. १८९७ मध्ये पुण्यात प्लेगने हाहाकार उडविला, तेव्हा मायलेकांनी रुग्णांच्या सेवेसाठी दवाखाना उघडला, तो हडपसरजवळ ससाण्यांच्या मळ्यात. ज्या व्याह्याने १८८९ मध्ये लोकांची भीड न धरता आपली कन्या दिली, त्याच घराण्याच्या भूमीवर रुग्णांना निवारा मिळाला. तेथेच सेवा करताना सावित्रीबाईंना प्लेगची बाधा झाली आणि १० मार्च १८९७ रोजी त्यांनी देह ठेवला.

आता पुन्हा आपल्या कुटुंबवार्तेकडे येतो. समजा, १८८९ मध्ये आपला संघ असता आणि अशीच स्मरणिका निघत असती. गंज पेठेतून पुढील मजकूर आला असता : ‘घरधन्यास महात्मा पदवी मिळाली. त्यांना अर्धांगवायू झाला. चिरंजीव, दत्तक, यांचा विवाह भटजीवाचून झाला. घरधन्यांनी डाव्या हाताने ग्रंथ पुरा केला.’ आपल्या त्या वेळच्या संपादक मंडळाने हा मजकूर छापला असता काय? पदवीची ओळ छापली असती, आजाराबद्दल सहानुभूतीही व्यक्त केली असती. विवाहाच्या ओळीपाशी मात्र लेखणी अडखळली असती, असे मला भय वाटते.

आज आपण मोठ्या अभिमानाने जोतीरावांचे छायाचित्र स्मरणिकेच्या पहिल्या पानावर छापतो आणि शेवटच्या पानांवर सोयरिकीच्या अपेक्षा छापतो. पहिले पान आणि शेवटचे पान यांची गाठ कधी पडते काय, याचा प्रत्येकाने आपल्या मनाशी विचार करावा. कोणाच्या घरी दत्तक मूल असेल, कोणाची लेक वैधव्यानंतर पुन्हा संसार मांडू इच्छीत असेल, कोणाच्या मुलाने ज्ञातीबाहेर विवाह केला असेल. त्यांची वार्ताही याच पानांवर, इतरांच्या ओळीला ओळ लावून छापली जावी, एवढीच संपादक मंडळास आणि समस्त ज्ञातिबंधुभगिनींस माझी नम्र विनंती आहे. ससाण्यांनी १८८९ मध्ये जे धैर्य दाखविले, त्या मानाने हे फारच थोडे आहे.