चिमूटभर गांजा आणि जन्माचा डाग

अपराध तोलून दंड द्यावा, हा राजनीतीचा जुना संकेत आहे. गांजाच्या कायद्याचा इतिहास पाहतां हा तराजू कसा कलत गेला, हें स्पष्ट दिसतें.

बारामती आणि इंदापूर हे पुणें जिल्ह्यांतील तालुके पूर्वीं मुंबई इलाख्यांत मोडत. या इलाख्यांत १८७८ च्या अबकारी कायद्यानें गांजा-भांगेवर सरकारी नियंत्रण होतें. परवान्याच्या दुकानांतून कर भरलेला माल विकला जाई. चिलीम ओढणाऱ्याला समाजांत मान नव्हता. पण नियमांत राहून ओढणारा गुन्हेगारही ठरत नसे.

विलायतेच्या पार्लमेंटांत या व्यसनाविषयीं प्रश्न निघाला, तेव्हां १८९३ सालीं मॅकवर्थ यंग यांच्या अध्यक्षतेखालीं सात जणांचें कमिशन नेमण्यांत आलें. त्यांत तीन सभासद भारतीय होते. ११९३ साक्षी घेऊन कमिशननें निर्णय दिला कीं, अतिरेक अपायकारक असला तरी माफक सेवनापासून बहुधा अपाय होत नाहीं. सरसकट बंदी आवश्यकही नाहीं आणि इष्टही नाहीं. बंदीमुळें लोक अधिक घातक व्यसनांकडे वळतील, अशी भीतीही त्यानें बोलून दाखविली.

पुढें १९४९ च्या मुंबई दारूबंदी कायद्यानें गांजालाही आपल्या कक्षेंत घेतलें. १९६१ च्या आंतरराष्ट्रीय करारानंतर अखेर १४ नोव्हेंबर १९८५ रोजीं सर्व देशासाठीं अमली पदार्थविरोधी कायदा अमलांत आला. गांजासाठीं पांच वर्षांपर्यंत कैद. आणि त्याच झाडाच्या चिकाला, म्हणजे चरसाला, किमान १० वर्षें सक्तमजुरी व १ लाख रुपये दंड! ५०० ग्रॅमपर्यंत गांजा किंवा ५ ग्रॅमपर्यंत चरस स्वतःच्या सेवनासाठीं असल्यास शिक्षा सौम्य होई. परंतु तें सिद्ध करण्याचा भार आरोपीवरच होता.

याचा अर्थ काय, हें गोव्याच्या एका खटल्यांत दिसलें. आरोपीपाशीं चरसाचे दोन तुकडे, मिळून १२ ग्रॅम, सांपडले. शिक्षा झाली १० वर्षांची. तपासणीसाठीं मात्र एकच तुकडा धाडला होता आणि तो ५ ग्रॅमहून कमी भरला. तेवढ्या आधारावर सर्वोच्च न्यायालयानें १९९३ सालीं ती शिक्षा ६ महिन्यांवर आणली. एका तुकड्यानें माणसाच्या आयुष्याचीं साडेनऊ वर्षें तोललीं!

२००१ सालीं शिक्षेच्या पायऱ्या ठरल्या. १ किलोपर्यंत गांजास कमाल ६ महिने. २०१४ सालीं तेंच १ वर्ष झालें. कैद अशी आटोपशीर झाली, पण कायद्याची कठोरता सरली नाहीं. किरकोळ चोराला चांगल्या वर्तनाच्या हमीवर सोडतां येतें. थोडा गांजा बाळगल्याबद्दल दोषी ठरलेल्या प्रौढास मात्र कलम ३३ ती सवलत नाकारतें. शिवाय २०२० सालीं मुंबई उच्च न्यायालयानें या कायद्याखालील सर्वच गुन्हे अजामीनपात्र ठरविले.

बारामती वा इंदापूरच्या न्यायालयांत खेटे घालणारा ऊसतोडणीचा मजूर डोळ्यांपुढें आणावा. प्रत्येक तारखेस त्याचा रोज बुडतो. वकिलासाठीं उचल घ्यावी लागते. कैद संपली तरी पोलिसांच्या दप्तरांतील नोंद संपत नाहीं. नोकरीपूर्वीच्या चारित्र्य-पडताळणींत ती पुन्हा उभी राहते.

व्यसनास आळा हवाच. परंतु चिलमीनें फुप्फुस बिघडलें तर तें एकाचें; दंडानें मिळकत बुडाली तर ती सबंध घराची. १८९४ च्या अहवालानें जो भेद ओळखला होता, तो आजच्या कायद्यानेंही ओळखावा.