जुन्या ओम्नीचा क्लच अडकलाय? गिअरबॉक्स उतरवण्याआधी एवढं तपासा

पावसाळाभर एका जागी उभी राहिलेली ओम्नी. चार महिन्यांनी चावी फिरवली, इंजिन सुरू झालं, पण गिअर काही पडेना. रिव्हर्स टाकायला गेलं की नुसतं ‘खर्रर्र’. अशा वेळी गॅरेजमध्ये पहिलं वाक्य ऐकू येतं ते म्हणजे, ‘क्लच प्लेट गेली, गिअरबॉक्स उतरवावा लागेल.’ कधी ते खरं असतं. पण दोष काहीशे रुपयांच्या केबलमध्येही असू शकतो, आणि तो शोधायला गिअरबॉक्सला हात लावावा लागत नाही.

१९८४ मध्ये ‘मारुती व्हॅन’ म्हणून आलेली ही गाडी २०१९ मध्ये बनायची बंद झाली. ७९६ सीसीचं इंजिन पुढच्या सीटखाली, चाल मागच्या चाकांना आणि क्लच साध्या तारेच्या केबलवर. पेडल दाबलं की केबल ओढली जाते, ती गिअरबॉक्सच्या बाहेर असलेला एक लिव्हर खेचते. तो लिव्हर आत रिलीज बेअरिंगला ढकलतो, बेअरिंग प्रेशर प्लेटच्या स्प्रिंगवर दाब देतं आणि क्लच प्लेट फ्लायव्हीलपासून सुटते. या साखळीत कुठेही अडलं तरी ड्रायव्हरला एकच गोष्ट जाणवते : गिअर पडत नाही.

आधी दोष क्लचचाच आहे का ते बघा

इंजिन बंद ठेवून सगळे गिअर टाकून पाहा. एखादा अडला तर गाडी किंचित पुढेमागे हलवा. बंद इंजिनवर गिअर सहज पडतात आणि चालू इंजिनवर पडत नाहीत, म्हणजे क्लच सुटत नाहीये. बंद इंजिनवरही पडत नसतील तर गिअर लिव्हरच्या जोडणीकडे किंवा गिअरबॉक्सकडे बघा.

मग सपाट जागेवर ढकलून पाहा. ड्रायव्हर सीटवर कुणीतरी ब्रेकजवळ पाय ठेवून बसलेलं हवंच. इंजिन बंद, हँडब्रेक खाली, गिअर न्यूट्रल. गाडी ढकलली जाते का? नसेल तर आधी मागचे ब्रेक तपासा. बरेच दिवस उभ्या गाडीचे ब्रेक शूजही ड्रमला चिकटतात आणि नाव क्लचचं होतं. न्यूट्रलमध्ये गाडी हलली, तर पहिला गिअर टाकून, क्लच पूर्ण दाबून पुन्हा ढकला. आता हलत नसेल तर क्लच नक्की अडकलाय.

आता साखळी मधोमध तोडा

सॉफ्टवेअरमध्ये बग सापडत नसला की आम्ही मध्येच एका जागी थांबून बघतो, इथपर्यंत सगळं बरोबर येतंय का? इथे ती जागा म्हणजे बाहेरचा लिव्हर. इंजिन बंद आणि थंड, हँडब्रेक ओढलेला, चाकांना दगड लावलेले. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली अजिबात शिरू नका. सेल्फी स्टिकला फोन लावा, टॉर्च चालू करा आणि व्हिडिओ घ्या. दुसऱ्याने पेडल तीन-चार वेळा सावकाश खालपर्यंत दाबायचं.

लिव्हर हललाच नाही किंवा जेमतेम हलला, तर दोष अलीकडे आहे. पेडल सैल पडून खाली जात असेल तर केबल तुटली किंवा निसटली असणार. पेडल जड लागतं, सोडल्यावर वर यायला वेळ लावतं, तर केबल आत गंजली आहे. पेडल बरंच खाली गेल्यावर लिव्हर हलायला लागतो, तर केबल ढिली आहे. लिव्हरच्या टोकाच्या नटने ती ताणता येते. पेडलला थोडी मोकळी चाल मात्र राहू द्या. केबल जास्त ताणली तर क्लच घसरायला लागेल.

लिव्हर नीट, पूर्ण हलतो आणि तरी क्लच सुटत नाही, तर बिघाड आत आहे. गाडी बरेच दिवस उभी होती का, हा इथला महत्त्वाचा प्रश्न. दमट हवेत फ्लायव्हीलच्या बिडावर गंज चढतो आणि प्लेट त्यालाच चिकटते. चालत्या गाडीत एकाएकी असं झालं असेल, तर प्लेट, प्रेशर प्लेट, बेअरिंग किंवा आतल्या फोर्कची मोडतोड धरून चाला.

चिकटलेली प्लेट कधी कधी न उघडता सुटते. न्यूट्रलमध्ये इंजिन दहा-पंधरा मिनिटं गरम करा आणि बंद करा. समोर मोकळं मैदान हवं, आसपास कुणी नको. हँडब्रेक ओढा, टॉप गिअर टाका, क्लच आणि ब्रेक दोन्ही घट्ट दाबा आणि सेकंदभर स्टार्टर मारा. त्या झटक्याने प्लेट सुटू शकते. दोन-तीन प्रयत्नांत नाही सुटली तर थांबा, उगाच स्टार्टर जाईल. आणि गंज निघावा म्हणून आत तेल किंवा स्प्रे मारू नका; प्लेट तेलकट झाली की घसरते, मग ती बदलावीच लागते.

गॅरेजला जाताना तो व्हिडिओ दाखवा. गिअरबॉक्स उतरवायचाच ठरला, तर प्लेट, प्रेशर प्लेट आणि बेअरिंग एकदमच बदलून घ्या, कारण तिन्हींची मजुरी तीच. फ्लायव्हील घासून साफ करायला सांगा आणि जुने पार्ट परत मागून घ्या.