न फुटलेले आठ कोटी

'फेल' हा शब्द मी दिवसातून दहादा वापरतो. टेस्ट फेल झाली की लॉग बघायचा, कोड दुरुस्त करायचा, पुन्हा रन करायचं. विषय संपला. लाओसबद्दल वाचायला लागलो तेव्हा पहिल्यांदा या शब्दाची भीती वाटली.

व्हिएतनाम युद्ध चालू असताना अमेरिकेने शेजारच्या लाओसवर गुपचूप बॉम्बफेक केली. हो चि मिन्ह मार्गावरची रसद तोडायची होती आणि तिथल्या कम्युनिस्टांना रोखायचं होतं. १९६४ ते १९७३ या काळात सुमारे ५,८०,००० उड्डाणं झाली. मी भागाकार करून पाहिला: नऊ वर्षं, रात्रंदिवस, दर आठ मिनिटांना एक.

यात क्लस्टर बॉम्ब भरपूर होते. मोठं कवच हवेत उघडतं आणि टेनिस बॉलएवढे शेकडो बॉम्ब विखुरतात. लाओसमध्ये त्यांना 'बॉम्बी' म्हणतात. असे २७ कोटींहून जास्त बॉम्बी पडले. त्यातले ३० टक्क्यांपर्यंत फुटलेच नाहीत. भातशेतातल्या चिखलात रुतले, झाडांत अडकले. म्हणजे जवळपास ८ कोटी.

माझ्या भाषेत हे ३० टक्के फेल. पण खाली येताना गरगर फिरून बॉम्बीचा फ्यूज सज्ज झालेला असतो. मग त्याला फक्त एक दणका हवा असतो. तो तेव्हा बसला नाही, तर पन्नास वर्षांनी शेतकऱ्याच्या कुदळीचा बसतो. कधी वर पेटवलेली चूल पुरते, कधी चेंडू समजून उचलणारं पोर. युद्ध संपल्यानंतर लाओसमध्ये असे सुमारे २०,००० लोक मेले किंवा जखमी झाले.

शिएंग खुआंग प्रांतात बॉम्बची रिकामी कवचं घराचे खांब म्हणून वापरलेली दिसतात. धोका सगळ्यांना माहीत असतो. पण पेरलं नाही तर खायचं काय?

२०१६ मध्ये ओबामा लाओसला गेले आणि सफाईसाठी तीन वर्षांत ९ कोटी डॉलर जाहीर केले. पण सफाई म्हणजे डिटेक्टर घेऊन पावला-पावलाने जमीन तपासणं. पैशाने ती फार तर थोडी वेगात होते.

क्लस्टर बॉम्बवर बंदी घालणारा करार २००८ मध्ये झाला, २०१० पासून लागू आहे. लाओस त्यात आहे. अमेरिका नाही. आपला भारतही नाही.

युद्ध संपल्याची तारीख पुस्तकात असते. जमिनीतल्या बॉम्बीला ती कुणी कळवलेली नसते.