धोंडे फेकणारें यंत्र आणि संशोधनाचा धडा

विद्यार्थ्यास एखाद्या विषयाचें संशोधन करावयास सांगितलें, कीं तो बहुधा चार पुस्तकें उघडतो आणि त्यांतील उतारे वहींत उतरून घेतो. एवढ्यानें संशोधन होत नाहीं, ही गोष्ट प्राचीन ग्रीकांच्या एका युद्धयंत्राचा इतिहास चांगली पटवून देतो.

हें यंत्र म्हणजे कॅटापल्ट. इ. स. पूर्व ३९९ मध्यें सिराक्यूजचा अधिपति डायोनिशियस यानें कार्थेजशीं होणाऱ्या युद्धासाठीं दूरदूरचे कारागीर जमविले. त्या वेळीं तें तेथें निर्माण झालें, असें डायोडोरस हा इतिहासकार सांगतो. आरंभीं त्याचें रूप मोठ्या धनुष्यासारखें होतें. पुढें धनुष्याची जागा जनावरांच्या स्नायूंच्या किंवा केसांच्या दोरांनीं घेतली. चौकटीच्या दोन भोंकांतून हे दोर ताणून बसवावयाचे, प्रत्येक जुडग्यांत एक लांकडी भुजा अडकवावयाची आणि पिळांत सांठलेल्या शक्तीनें धोंडा फेकावयाचा.

परंतु अमुक वजनाच्या धोंड्यास भोंक केवढें असावें? बायझंटियमचा फिलॉन हा इ. स. पूर्व तिसऱ्या शतकांतील ग्रंथकार लिहितो, कीं जुन्या कारागिरांना याचा निर्णय लागला नाहीं, कारण त्यांचे प्रयोग थोडे होते. अलेक्झांड्रियाच्या यंत्रकारांना राजाश्रय होता. भोंक कधीं वाढवून, कधीं कमी करून त्यांनीं पुनःपुन्हा परीक्षा घेतली, आणि अखेर नियम हातीं आला. धोंड्याचें वजन ‘मिना’ या मापांत घेऊन त्यास १०० नें गुणावें, गुणाकाराचें घनमूळ काढावें व त्यांत त्याचाच दहावा हिस्सा मिळवावा; म्हणजे भोंकाचा व्यास अंगुळांत निघतो. १० मिनांस ११ अंगुळें, ८० मिनांस २२ अंगुळें. वजन आठपट झालें, तरी व्यास दुप्पटच!

पुढें हे ग्रंथ पंडितांनीं अभ्यासिले, तरी पुष्कळ वर्णनें संदिग्धच राहिलीं. तेव्हां एर्विन श्राम या जर्मन तोफखान्यांतील अधिकाऱ्यानें तीं यंत्रें स्वतः बांधविलीं आणि १९०४ मध्यें झालबुर्ग येथील रोमन किल्ल्यांत कैसर दुसरा विल्हेल्म याच्यासमोर चालवून दाखविलीं. १९१२ मध्यें स्पेनमधील अँपुरियास येथें अशाच एका यंत्राच्या चौकटीचे लोखंडी पत्रे व भोंकांवरचीं कांशाचीं कडीं उत्खननांत सांपडलीं. ग्रंथांतील मापें आतां खऱ्या वस्तूशीं ताडून पाहतां आलीं. ग्रंथ, हात आणि भूमि या तिघांची साक्ष जुळली.

हाच क्रम वर्गांतहि चालविण्याजोगा आहे. कांहीं पट्ट्या, सुतळीचा पीळ आणि एक लांकडी चमचा एवढ्यावर लहानसें यंत्र उभें राहतें. एका वेळीं एकच गोष्ट बदलावी, प्रत्येक फेंक मोजावी, फसलेलीहि टिपून ठेवावी. आपला गोळा जवळच कां पडला, या प्रश्नानें अस्वस्थ झालेला मुलगा मग पुस्तकाकडे वळतो, तो उत्तर शोधण्यासाठीं. उतारा काढण्यासाठीं नव्हे.

मात्र फिलॉनची साक्ष शिक्षकांनीं व पालकांनींहि ध्यानांत ठेवावी. जुने कारागीर बुद्धीनें उणे नव्हते. पुनःपुन्हा करून पाहण्याची सोय त्यांना नव्हती. ज्या शाळेंत चुकावयास वेळ नाहीं आणि मोडावयास लांकूड नाहीं, त्या शाळेंतील मुलांची स्थिति याहून निराळी नसते.