चौकाला जोडलेला चौक

जुन्या वाड्याचा विषय निघाला की घरात दोन तट पडतात. एक म्हणतो, वाडा आहे तसा राहू द्या. दुसरा म्हणतो, पाडून इमारत बांधा. वाड्याच्या इतिहासात मात्र तिसरी वाट दिसते. मराठी वाडा एकदाच बांधून पुरा होत नसे. कुटुंब वाढे, तसा वाडाही वाढे.

शनिवारवाड्याचेच पाहा. १० जानेवारी १७३० रोजी पाया घातला गेला, २२ जानेवारी १७३२ रोजी वास्तुशांत झाली. खर्च आला १६,११० रुपये. आज आपण ज्याला शनिवारवाडा म्हणून ओळखतो, ते पुष्कळसे पुढच्या पिढ्यांचे काम. तटबंदी नानासाहेबांच्या कारकिर्दीत पुरी झाली. हजारी कारंजे सवाई माधवरावांसाठी झाले. १८२८च्या आगीत लाकूडकाम जळाले, म्हणून आता जोती तेवढी दिसतात.

अशी वाढ साधे, कारण वाड्याचे माप ‘खण’ होते, म्हणजे दोन खांबांमधले अंतर. भार खांब आणि तुळयांवर असे. बऱ्याच भिंती केवळ आडोशाच्या. चार खण वाढवायचे तर तेवढे खांब उभे करायचे. त्याहून मोठी गरज असली, तर मागे नवा चौक काढायचा. त्यामुळे प्रत्येक चौकाला स्वतःचा उजेड, वारा आणि पावसाच्या पाण्याची वाट मिळे. नवे बांधकाम जुन्याचा श्वास कोंडत नसे.

आजची वाढ बिघडते ती इथेच. मातीच्या भिंतीवर सिमेंटचा गिलावा चढला की ओल आत अडकते आणि खांबाचा बुंधा कुजतो. जुन्या भिंतीवर स्लॅब टेकवला की तिला न पेलणारा भार येतो. त्यापेक्षा नवा भाग स्वतःच्या पायावर, जुन्यापासून थोडी फट ठेवून उभारावा. जुने बांधकाम केव्हाच बसलेले असते, नवे अजून बसायचे असते. खणाचे माप, जोत्याची आणि पागोळीची उंची जुळली, तर महिरपींची नक्कल करण्याची गरज नाही.

पुण्यातले कितीतरी वाडे १२ जुलै १९६१च्या पानशेतच्या पुरात गेले. त्यानंतर गेलेल्या वाड्यांना पूर लागला नाही. गोठलेली भाडी आणि वारसांच्या वाटण्या पुरेशा होत्या. वाटणीत हिस्सा मागणाऱ्याला स्वतंत्र स्वयंपाकघर आणि न्हाणीघर हवे असते. ते मागच्या चौकात देता आले, तर पुढचा चौक वाचतो. नाही देता आले, तर सगळेच बिल्डरकडे जाते.