नळीवरचा शिक्का

बैल सहादाती आहे असं विकणारा शपथेवर सांगत असला, तरी नेकनूरच्या बाजारात घेणारा स्वतः जबडा उघडून बघतो. बैल खोटा निघाला तर एक हंगाम जातो. जुनी बंदूक खोटी निघाली तर बोटं जातात, कधी डोळाही. तरी ‘विलायती आहे, साहेबाच्या हातची आहे’ एवढ्यावर माणूस भुलतो. वापरलेल्या शिकारी हत्याराबद्दल खरं कोण सांगणार, हा प्रश्न मला म्हणूनच किरकोळ वाटत नाही.

लंडनमध्ये त्याचं एक उत्तर निघालं होतं. तिथल्या बंदूक कारागिरांच्या संघाला 1637 साली राजाची सनद मिळाली. नळीत नेहमीपेक्षा जास्त दारू ठासायची, बार काढायचा आणि नळी टिकली तरच तिच्यावर शिक्का मारायचा. बर्मिंगहॅमला 1813 साली कायद्याने असंच परीक्षाघर उभं राहिलं. मालक बदलले, बंदूक चार हात फिरली, समुद्र ओलांडून हिंदुस्थानात आली, तरी तो बारीक शिक्का सोबत राहिला. विकणाऱ्याच्या जिभेपेक्षा मी त्याच्यावर जास्त विश्वास ठेवीन.

अर्थात शिक्का वाचता यायला हवा. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस काळ्या दारूच्या जागी कमी धुराची नायट्रो दारू आली. तिचा जोर वेगळा, म्हणून तिची परीक्षा वेगळी आणि शिक्काही वेगळा. लोखंड-पोलादाच्या पट्ट्या पिळून केलेली दमास्कस नळी दिसायला फार देखणी असते. पण काळ्या दारूपुरती तपासलेल्या तशा नळीत आजचं काडतूस भरणं म्हणजे जिवाशी खेळ. ‘शिक्का आहे’ हे अर्धं सत्य झालं. कशाचा आहे, ते सांगितलं तर पुरं.

बीड 1948 पर्यंत निजामाच्या राज्यात होतं. बंदुका बाळगणारे जहागीरदार एकीकडे आणि फास लावणारे फासेपारधी दुसरीकडे. फासाला शिक्का लागत नव्हता. ज्याने वळला त्यालाच तो लावायचा असे. पीळ कच्चा राहिला तर हरण निसटे आणि चूल थंड पडे. विकणारा आणि वापरणारा वेगळा झाला की खोटं बोलायला जागा तयार होते. इथे ती जागाच नव्हती.

शिक्का बसला तो माणसांवर. ब्रिटिश मुलखात 1871 च्या कायद्याने जमातीच्या जमाती जन्मजात गुन्हेगार ठरवता येऊ लागल्या. बंदुकीची नळीसुद्धा एकेक तपासत. इथे मूल जन्मायच्या आधीच निकाल! कायदा 1952 साली रद्द झाला. पारध्याच्या पोराकडे संशयाने बघणारे डोळे काही त्या तारखेला मिटले नाहीत, हे बीडमध्ये राहणाऱ्याला वेगळं सांगायला नको.

पुढे 1972 चा वन्यजीव कायदा आला. शिकार गेली, काळवीट पहिल्या परिशिष्टात गेलं, पाटोद्याजवळ नायगावला 1994 साली मोरांसाठी अभयारण्य झालं. बंदुका मात्र राहिल्या: संरक्षणासाठी, नेमबाजीसाठी, आणि खरं सांगायचं तर मिरवायलाही. 1980 च्या दशकात खासगी माणसाला परदेशी बंदूक आणणं बंद झालं, तशी जुन्या इंग्लिश दुनळीची किंमत चढली. 2019 च्या दुरुस्तीने एका परवान्यावर तीनऐवजी दोनच हत्यारं ठेवता येऊ लागली, म्हणजे तिसरं द्यायची वेळ अनेकांवर आली. महाग वस्तू आणि घाईतला विकणारा.

जाणकार काय बघतो? नळ्या सुट्या करून टांगतो आणि हलकेच टिचकी मारतो. घंटेसारखा नाद आला तर ठीक. भद्द आवाज आला तर दोन नळ्यांमधला जोड सुटलेला असू शकतो. मग आतून उजेडाकडे धरून गंजाचे खड्डे, पोचे बघतो. नळी आणि तिच्या मागची फळी यांच्यामधून प्रकाशाची रेघ दिसली, तर ती बंदूक थकलेली असते. वीस मिनिटांचं काम, पण ते करून ‘घेऊ नका’ म्हणणारा माणूस क्वचित भेटतो.

कायदा व्यवहारावर नजर ठेवतो. एका परवानाधारकाने दुसऱ्याला बंदूक विकायची तर जिल्हा दंडाधिकारी किंवा पोलीस ठाण्याला लेखी कळवून 45 दिवस थांबावं लागतं. कोण विकतोय, कोण घेतोय, सगळं कागदावर येतं. परवान्यात बोअर असतो, नंबर असतो. नळी आतून कशी आहे, याला रकाना नाही.